नव्वदीचा डॉलर आणि एटीएममधलं हिरवं बटण

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर नव्वद रुपयांच्या पार गेला. सहा महिने मुलांकडे राहायला निघालेले आईवडील असोत, की नोकरीतून वर्षभर सुट्टी काढून युरोप पालथा घालायला निघालेलं जोडपं. सगळ्यांचा एकच प्रश्न : डॉलर आत्ताच घ्यावेत की थांबावं? रुपयाचं भविष्य सांगणाऱ्यांचा नाद सोडावा हे बरं. लांबच्या मुक्कामात खिसा कापला जातो तो भलतीकडेच.

युरोपातलं एटीएम घ्या. कार्ड घातलं, पिन दिला, दोनशे युरो मागितले, की नोटा येण्याआधी पडद्यावर रुपयांतली रक्कम झळकते. ‘स्वीकारा’चं बटण बऱ्याचदा ठसठशीत हिरवं, ‘नाकारा’ कोपऱ्यात, फिकट. नाकारलं तर पैसेच मिळणार नाहीत या धास्तीने माणूस हिरवं दाबतो आणि तिथेच फसतो. नाकारलं तरी नोटा येतातच. फक्त युरोचे रुपये मशीनवाल्याच्या मर्जीने न होता व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होतात. मशीनवाल्याचा दर कित्येक टक्क्यांनी महाग असू शकतो. हॉटेलात, दुकानात कार्ड स्वाइप करतानाही हाच खेळ. उत्तर एकच : तिथलं चलन. माझ्या मते ही कायद्यात बसवलेली पाकीटमारी आहे.

आपल्या बँकाही धुतल्या तांदळाच्या नाहीत. साध्या कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप सर्रास असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. लाखभर खर्चाला ४,१३० रुपये असेच जातात. फॉरेक्स कार्डावर पैसे भरतानाच दर पक्का होतो हे खरं, पण डॉलर भरलेलं कार्ड पोलंडमध्ये चालवलं की पुन्हा अदलाबदलीचं शुल्क. रोख तर एका प्रवासाला साधारण तीन हजार डॉलरपर्यंतच नेता येते. परतल्यावर उरलेल्यांतले दोन हजार ठेवता येतात, बाकीचे १८० दिवसांत विकायचे.

या हिशेबात सिमकार्ड कुणी धरत नाही. परदेशात उतरल्या उतरल्या नवा नंबर घेतला जातो आणि भारतातलं सिम पाकिटाच्या कप्प्यात पडून राहतं. मग ओटीपी येणार कुठे? फोनमध्ये दोन्ही सिम राहू द्या. रोमिंग इथूनच सुरू करून घ्या. नुसता एसएमएस घ्यायला सहसा पैसे पडत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नवं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतं, तेही निघण्यापूर्वी ॲपमध्ये चालू करा. प्रीपेड नंबराचं रिचार्ज मात्र परतीच्या तारखेच्या पुढपर्यंत मारून ठेवा. बंद पडलेला नंबर कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात, आणि मग तुमच्या खात्याचे ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजू लागतात.