नादारी म्हणजे दिवाळं नव्हे

एके काळी मराठी शाळांत गरीब मुलांना ‘नादारी’ मिळायची. फी माफ व्हायची आणि मुलाचं नाव पटावर राहायचं. २०१६ साली संसदेनं केलेल्या ‘नादारी व दिवाळखोरी संहिते’तली नादारी जवळपास अशीच आहे. तरी एखाद्या कंपनीचं प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेल्याची बातमी आली, की आपण लगेच म्हणतो, ‘दिवाळं निघालं!’

गैरसमज : प्रकरण न्यायाधिकरणात गेलं, म्हणजे कंपनी बुडाली.

नादारी म्हणजे देणं आलेल्या तारखेला फेडता न येणं. अर्ज दाखल करून घेतला, की संचालक मंडळाचे अधिकार गोठतात, कारभार एका नेमलेल्या व्यावसायिकाकडे जातो आणि वसुलीचे दावे थांबतात. कारखाना मात्र चालू ठेवायचा असतो. मग कर्ज देणाऱ्या बँका समितीत बसून नवा मालक शोधतात. त्याची योजना मंजूर व्हायला ६६ टक्के मतं लागतात. भूषण स्टील २०१८ मध्ये टाटा स्टीलकडे गेली. एस्सार स्टील २०१९ मध्ये आर्सेलर मित्तल आणि निप्पॉन स्टील यांनी घेतली. दोन्हीकडच्या भट्ट्या आजही पेटत्या आहेत.

कुणीच पुढं आलं नाही, तर मालमत्ता विकून देणी भागवायची. बरीच प्रकरणं इथंच संपतात, हे खरं आहे. पण त्यातल्या अनेक कंपन्या या दारात येण्याआधीच बंद पडलेल्या होत्या.

गैरसमज : बँकांनी ‘हेअरकट’ घेतला, म्हणजे येण्यातला काही भाग सोडला, की उद्योगपतीचं कर्ज माफ झालं.

कर्ज थकवणाऱ्या मालकाच्या हातून कंपनीच जाते. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या कलम २९-अ मुळे तो मागच्या दारानं स्वस्तात ती परतही घेऊ शकत नाही. छोट्या उद्योगांना तेवढी सवलत आहे. मालकानं वैयक्तिक हमी दिली असेल, तर कंपनीचा निकाल लागल्यावरही त्याच्यामागचं देणं सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे २०२१ मध्ये स्पष्ट केलं.

लोकांच्या रागाला आधार आहे, पण तो वेगळ्या जागी. कच्चा माल, सुटे भाग देणाऱ्या लहान पुरवठादाराला समितीत मत नसतं. बँकांचं भागल्यावर उरेल ते त्याच्या वाट्याला, आणि पुष्कळदा काहीच उरत नाही. या कायद्याची ही सर्वांत दुखरी बाजू आहे, असं मला वाटतं.

गैरसमज : असे कायदे परदेशातून तयार आणले आणि इथं लावले.

आराखडा बाहेर पाहिलेला असतो, पण कायद्याला आकार येतो तो इथल्या प्रकरणांतून. आपल्याकडं १९८५ चा आजारी उद्योगांचा कायदा होता. त्याखालच्या मंडळाकडं, म्हणजे बीआयएफआरकडं, नोंद झाली की घेणेकऱ्यांचे हात बांधले जात, आणि त्या आडोशाला कारखाने वर्षानुवर्षं गंजत पडत. या अनुभवातून नव्या संहितेत मुदत आली : १८० दिवस, फार तर आणखी ९०. ती पाळली जाईना म्हणून २०१९ मध्ये ३३० दिवसांची कमाल मर्यादा घातली. त्याच वर्षी एस्सारच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्या मर्यादेतला ‘अनिवार्यपणे’ हा शब्द काढून टाकला. न्यायालयामुळं झालेल्या उशिराची शिक्षा पक्षकाराला का, हा त्यामागचा विचार. तो न्याय्य आहे, पण उशिराची किंमत कुणीतरी मोजतंच. जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९ मध्ये थांबली. योजना २०२१ मध्ये मंजूर झाली, पण ती अमलात आलीच नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कंपनी मोडीत काढायचा आदेश द्यावा लागला.

घर घेणाऱ्यांसाठीची तरतूदही अशीच अनुभवातून आली. बिल्डर बुडाला तर त्यांचं स्थान काय, याचं उत्तर मूळ संहितेत नव्हतं. २०१८ मध्ये त्यांना बँकांच्या पंक्तीत बसवलं.

इतर देशांचे कायदेही असेच अनुभवातून घडले. इंडोनेशियानं वेगळी ठेच खाल्ली. १९९८ च्या आर्थिक संकटात तिथं डच अमदानीतला कायदा घाईनं सुधारला. दोन घेणेकरी आणि एक थकलेलं देणं, एवढ्यावर दिवाळखोरी जाहीर होऊ शकत होती. कंपनीची ऐपत विचारायचीच नाही. २००२ मध्ये जाकार्ताच्या न्यायालयानं मॅन्युलाइफ या विमा समूहाच्या तिथल्या कंपनीला दिवाळखोर ठरवलं, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं महिन्याभरात तो निकाल फिरवला. २००४ च्या नव्या कायद्यानं विमा कंपनीविरुद्ध अर्ज करण्याचा हक्क फक्त अर्थमंत्र्यांकडं ठेवला. चीनचा १९८६ चा कायदा केवळ सरकारी उद्योगांपुरता होता. सर्व कंपन्यांसाठीचा कायदा जून २००७ मध्ये लागू झाला.

गैरसमज : ही संहिता सामान्य कर्जदारालाही सोडवते.

संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे. पण डिसेंबर २०१९ पासून तो लागू आहे फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. चीनमध्येही शेन्झेन शहरानं मार्च २०२१ मध्ये प्रामाणिक कर्जदारासाठी नियम आणले. तिथंही देशभरासाठी असा कायदा नाही. महाराष्ट्राला मात्र कर्जदाराला सोडवण्याचा हा विचार नवा नव्हता. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांविरुद्ध दंगे उसळल्यावर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं त्यानं बंद केलं आणि त्याच्या नादारीसाठी वेगळी तरतूदही केली. आज मात्र पुण्यातल्या दुकानदाराला स्वतःची नादारी जाहीर करायची झाली, तर त्याच्यासाठी १९२० चा कायदा आहे, आणि मुंबईतल्या दुकानदारासाठी १९०९ चा.