सुईचा ठावठिकाणा

ज्वारीची काढणी-मळणी उरकली, कडब्याच्या गंजी लागल्या, की नांदेड-लातूरकडे घरोघर गोधड्या निघतात. उन्हाळ्याचे हे दिवस माय-बहिणींना शिवणाचे. ओसरीवर, लिंबाखाली, नाहीतर गोठ्याच्या सावलीत जुनी लुगडी अंथरायची आणि चौघीजणींनी चार बाजूंनी टाके घालीत मधे यायचे. काम चांगले, आणि सोबत होणाऱ्या गप्पाही चांगल्या. या दिवसांत गावात गेलो की मी एक प्रश्न हमखास विचारतो : मावशी, घरात सुया किती? उत्तर बहुधा येते, "असतील चार-पाच." हे 'असतील' मला खटकते.

कारण हरवलेली सुई कुठे तरी जातेच. ती मातीत पडते, केरात जाते, केराबरोबर उकिरड्यावर जाते; आणि अंगणातच कडबा टाकलेला असला तर सरळ गाई-म्हशीच्या पोटात जाते. आपल्याला घासात खडा लागला तर आपण थुंकतो. शेळी ओठांनी निवडून खाते, म्हणून ती पुष्कळदा वाचते. गाय-म्हैस मात्र आधी भराभर गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. तोवर सुई आत गेलेली असते.

जनावराच्या चार पोटांपैकी दुसऱ्या पोटाला आतून मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. जड वस्तू तिथेच अडकून राहतात. हे पोट सारखे आकुंचन पावते आणि दर वेळी सुई थोडी पुढे रुतते. त्याच्या पुढे एक पातळ पडदा आणि पडद्याला लागूनच काळीज. गाभण जनावराच्या पोटात वासरू वाढू लागले की दाब वाढतो आणि सुई आणखी पुढे जाते. म्हणून विण्याच्या सुमारास बरे दिसणारे जनावर एकाएकी चारा सोडते.

लक्षणे माहीत असू द्यावीत. दूध एकदम आटते, रवंथ थांबते, पाठीला बाक येतो, पुढच्या पायांचे कोपर बाहेर काढून जनावर उभे राहते, उठता-बसता कण्हते, उतारावरून चालायला कुरकुरते. पोट पुन्हा पुन्हा फुगते. पुढे गळ्याखाली व छातीखाली सूज उतरते. यावर झाडपाला, डाग देणे असे काही चालत नाही. दिवस मात्र वाया जातात. वेळेत दाखवले तर पशुवैद्य पोट उघडून सुई काढू शकतात. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्या भागातील शेतकऱ्यांना ते जवळ पडते. सुई एकदा काळजात शिरली की सहसा इलाज उरत नाही. देवणी गाय काय, लाल कंधारी बैल काय, दोन-चार रुपयांच्या सुईने जावा ही गोष्ट कोणालाच परवडणारी नाही.

तेव्हा शिवणाच्या सामानाला जागा नेमून देणे हा नुसता टापटिपीचा प्रश्न नव्हे.

पूर्वी ही जागा भिंतीतच असे. माळवदाच्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती दोन-दोन हात जाड, त्यात कोनाडे आणि देवळ्या. एका कोनाड्यात दिवा, दुसऱ्यात सुई-दोऱ्याची डबी. आजीला डोळे मिटून सापडायची. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच जड भिंतींनी आणि माळवदांनी हजारो माणसे घेतली. पुढे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील कित्येक गावे नव्या जागी वसली. आता नवे घर सगळीकडेच विटा-सिमेंटचे होते. ते झाले ते योग्यच झाले. पण पातळ भिंतीत कोनाडा निघत नाही, आणि त्याची डबी कुठे जायची हे बांधताना कोणी विचारले नाही. ती कधी खिडकीत, कधी टीव्हीवर, कधी उशीखाली दिसते.

यावर मला पटलेला उपाय चंचीचा आहे. पान-तंबाखूची चंची आपल्याकडे कोणाला शिकवायला नको. तीच मोठी करून शिवणासाठी वापरावी. मांजरपाटासारखे जाड सुती कापड दीड हात लांब व एक हात रुंद घ्यावे. खालची वीतभर कड वर दुमडून उभ्या शिवणी मारल्या की पाच-सहा कप्पे होतात. एकात रिळे, एकात बटणे व हूक, एकात अंगुस्तान, एकात मोजपट्टी. कात्रीच्या कप्प्याला आतून दुहेरी कापड लावावे, नाहीतर टोक बाहेर येते. वरची कड झाकण म्हणून खाली आणावी, गुंडाळावी आणि नाडीने बांधावी. घरात ती दाराआडच्या खुंटीला, लेकरांचा हात पोचणार नाही अशी टांगायची; शेजारी गोधडी घालायला जाताना काखेत मारायची. किनवट-माहूरकडच्या तांड्यांवर भिंगे, कवड्या, मणी यांचे भरतकाम करणाऱ्या बायांना हे कप्पे अधिकच उपयोगी, कारण भिंगांच्या कडा दोऱ्याला कापतात. ती वेगळीच ठेवलेली बरी.

सुया मात्र कप्प्यात सुट्या टाकू नयेत. चंचीच्या आतल्या अंगाला चार बोटांची लहानशी गादी शिवावी. तिच्यात विंचरताना निघालेले केस भरावेत. केसांच्या तेलकटपणामुळे पावसाळ्यातही सुई लवकर गंजत नाही. गादीवर रंगीत दोऱ्याने जितक्या सुया तितक्या खुणा कराव्यात. संध्याकाळी कोंबड्या डालताना आपण मोजतो की नाही? तशा सुया मोजायच्या. खूण रिकामी दिसली तर त्याच वेळी शोधायचे, केर काढण्याआधी. बिनदोऱ्याची सुई ठेवू नये असे जुन्या बाया सांगत, त्यात शहाणपण आहे. लाल दोरा ओवलेली सुई मातीतही दिसते.

तरी नाहीच सापडली, तर निकामी स्पीकरमधले लोहचुंबक काढून दोरीला बांधावे आणि जमिनीवरून हळूहळू फिरवावे. सुया लोखंडाच्या, त्या चिकटून येतात. मोडलेल्या सुया व टाचण्या उकिरड्यावर टाकू नयेत. झाकणाला बारीक चीर पाडलेल्या डबीत साठवाव्यात आणि डबी भरली की बंद करून भंगारात द्यावी. पोती शिवायचे दाभण खळ्यावरच्या कुडात खोचून ठेवण्याची सवय पुरुषांची. त्यालाही दोरी बांधून ठरलेला खिळा द्यावा. आणि गोधडीची बैठक गोठ्यापासून व गंजीपासून लांब घालावी. सावली तिथे चांगली असते हे मला मान्य आहे, तरीही.

डब्यांविषयी एक सांगायलाच हवे. बिस्किटांचा, तुपाचा, गोड्या तेलाचा डबा धुऊन वाळवून खुशाल वापरावा. पण कीटकनाशकाचा डबा किंवा बाटली, कितीही सुबक असली आणि कितीही धुतली, तरी बटणांना नको, मण्यांना नको. लेकरे बटण तोंडात घालतात. 1971 च्या कीटकनाशक नियमांतही रिकामे डबे पुन्हा वापरात येणार नाहीत असे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असे सांगितले आहे. औषध लावलेल्या बियाण्याच्या पिशव्याही तशाच. खताच्या पोत्यात कपडे बांधू नयेत. उरलेला युरिया ओल धरतो.

गोधडीसाठी जमवलेल्या चिंध्यांचे एकच मोठे गाठोडे बांधले की हवे ते कापड नेमके तळाशी असते. दोन गाठोडी करावीत : विरलेले मऊ सुती आतल्या थरांसाठी, धड असलेले वरच्या अंगासाठी. टेरिकॉट, नायलॉन बाजूलाच ठेवावे. कापड खळ काढून धुवावे, कडक उन्हात वाळवावे, कारण कसर खळीवरच जगते. गाठोड्यात लिंबाचा सावलीत वाळवलेला पाला घालावा. ओला पाला डाग पाडतो. पेटी भुईवर न टेकवता विटांवर ठेवावी, म्हणजे वाळवी आधी विटांवर दिसते. डांबराच्या गोळ्या ठेवल्या असतील तर त्या कपड्यांची दुपटी तान्ह्या बाळाला थेट वापरू नयेत. त्या वासाचा काही बाळांच्या रक्तावर वाईट परिणाम होतो. दुपटी धुऊन, दोन-तीन दिवस उन्हात टाकून मगच घ्यावीत.

शिवणयंत्र असेल तर त्याला फक्त यंत्राचेच तेल द्यावे. गोडे तेल घातले की ते चिकट होऊन धूळ धरते आणि पायट्याला जोर लावावा लागतो. यंत्राची सुई मोडली तर तिचा टोकाकडचा तुकडा सापडेपर्यंत ते कापड उचलू नये.