निबंधातले वडील आणि घरातले अब्बू

'माझे वडील' या विषयावर सहावीच्या मुलांनी लिहिलेल्या निबंधांचा गठ्ठा समोर होता. पहिली दहा-बारा पाने उलटली आणि ध्यानात आले, की सगळ्यांचे वडील एकच आहेत. ते पहाटे उठून व्यायाम करतात, वर्तमानपत्र वाचतात, इस्त्रीचे कपडे घालून ऑफिसला जातात, संध्याकाळी येताना खाऊ आणतात आणि रविवारी मुलांना बागेत नेतात. शेवटचे वाक्यही तेच : असे माझे वडील मला फार आवडतात.

ही मुले मार्केट यार्डाच्या आसपास राहणारी. कोणाचे वडील भुसार बाजारात हमाल, कोणाचे टेम्पो चालवणारे, कोणाचे फळबाजारात आडत्याच्या गाळ्यावर कामाला, तर कोणाचे केळीची हातगाडी लावणारे. खरोखर ऑफिसला जाणारे वडील त्या गठ्ठ्यात फार तर दोन-तीन असतील. एका मुलाच्या वडिलांना तर आम्ही चांगले ओळखत होतो. पोती वाहून वाहून त्यांच्या मानेखाली घट्टा पडला आहे. निबंधातले त्याचे वडील मात्र हातात बॅग घेऊन निघाले होते. अक्षर सुरेख, शुद्धलेखनाची चूक एकही नाही. आम्ही त्याला दहापैकी आठ गुण दिले.

ते आठ गुण आम्हाला पुढे बरेच दिवस टोचत राहिले. त्या मुलाने गाइडातून निबंध उतरवला, एवढेच घडले नव्हते. आपले खरे अब्बू वहीत लिहिण्याजोगे नाहीत, हे तो कुठेतरी शिकला होता, आणि आम्ही गुण देऊन त्यावर शिक्का मारला होता.

चुकण्यापेक्षा गप्प बसणे बरे?

आपल्या घरांतली मुले दोन-तीन भाषांत वाढतात. घरात दखनी वळणाची बोली, मक्तबमध्ये अरबी-उर्दू, शाळेत आणि रस्त्यावर मराठी. खरे तर ही श्रीमंती आहे. पण घरात 'तेरी उर्दू कच्ची है' आणि शाळेत 'तुझं मराठी अशुद्ध आहे' हे रोज ऐकणारे मूल एक सोपा मार्ग काढते. ते स्वतःचे वाक्य बोलणेच सोडून देते. गाइडातले वाक्य सुरक्षित असते. त्याला कोणी हसत नाही.

अदबीचाही प्रश्न आहे. मोठ्यांसमोर तोंड उघडू नये, हे आपण मुलांना फार लवकर शिकवतो. अदब हवीच. पण अदब आणि मुकेपणा यांत फरक आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली एक हदीस या संदर्भात आठवते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा सहाबांना कोडे घातले : एक झाड असे आहे की ज्याची पाने गळत नाहीत, ते मुस्लिमासारखे आहे, ओळखा कोणते? लोक वेगवेगळ्या झाडांचा विचार करू लागले. तिथे बसलेल्या अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या मनात उत्तर आले होते : खजूर. पण ते वयाने सर्वांत लहान, समोर अबू बक्र (रजि.) आणि उमर (रजि.) गप्प बसलेले. त्यांना संकोच वाटला आणि ते बोलले नाहीत. नंतर वडिलांना त्यांनी हे सांगितले, तेव्हा उमर (रजि.) म्हणाले की, तू ते बोलला असतास तर मला अमुक-तमुक मिळण्यापेक्षाही ते अधिक प्रिय वाटले असते.

'थोरांमध्ये गप्प राहिलास, बरे केलेस' असे उमर (रजि.) म्हणाले नाहीत. मुलाच्या मनात आलेले त्याच्या ओठांवर यावे, अशी बापाची इच्छा होती. पुढे खलीफा झाल्यावर त्यांनी तरुण अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांना बद्रच्या ज्येष्ठ सहाबांबरोबर बसवले आणि त्यांचे मत विचारले. आपल्या दस्तरखानावर आपण लहानांचे मत किती वेळा विचारतो?

याच शहरातली एक मुलगी

मुलाने स्वतःचे लिहिले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण शोधायला पुण्याबाहेर जावे लागत नाही. मार्केट यार्डातून स्वारगेटमार्गे गंज पेठेत गेले, की महात्मा फुले यांचा वाडा लागतो. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. पुढे त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या 14 वर्षांच्या मातंग समाजातल्या मुलीने एक निबंध लिहिला. विषय होता मांग-महारांचे दुःख. 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने तो 1855 साली दोन भागांत छापला.

मुक्ताने कोणाचा नमुना पाहून लिहिले नव्हते. आपल्या माणसांना कसे वागवले जाते, डोक्यावर छप्पर नसताना वारा-पावसात आपल्या बाया कशा बाळंत होतात, हे तिने लिहिले. आज 170 वर्षांनंतरही तो निबंध वाचला जातो, कारण तो त्या मुलीशिवाय दुसऱ्या कोणाला लिहिता आला नसता. याच फुले दांपत्याच्या कामात फातिमा होत्या. सावित्रीबाईंनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी नायगावहून जोतीरावांना पाठवलेल्या पत्रात त्यांचे नाव आहे. आपल्या माघारी कामाचा भार फातिमावर पडला असेल, पण ती कुरकुर करणारी नाही, असा त्याचा आशय. म्हणजे या शहरात मुलींच्या हाती लेखणी देणाऱ्यांमध्ये आपलीही एक लेक होती. हा वारसा आपण फक्त जयंतीच्या भाषणात ठेवला आहे.

विषय बदलला, मुले बदलली

आम्ही काही शिक्षक रविवारी सकाळी मार्केट यार्डालगतच्या एका वस्तीत मुलांना घेऊन बसतो. सतरंजी, कोरे कागद आणि पेन्सिली, एवढेच साहित्य. पहिल्या रविवारी आम्ही 'माझी आई', 'पावसाळ्यातील एक दिवस' असलेच विषय दिले आणि गाइड पुन्हा समोर आले. मग आम्ही विषय देणे थांबवले. प्रश्न विचारू लागलो. पहाटे 4 वाजता तुमच्या घरात कोणते आवाज येतात? यार्डात कोणत्या गाळ्यासमोर कसला वास येतो? तुमच्या घरात कोणती वस्तू दुरुस्त करून करून वापरतात?

या प्रश्नांची उत्तरे गाइडात नव्हती. एका मुलीने लिहिले की, मिरचीच्या गाळ्यासमोरून जाताना ती श्वास रोखून पळते आणि लसणाच्या गाळ्यापाशी सोडते. एकाने लिहिले, की रमजानच्या आधी खजुराची खोकी उतरतात तेव्हा त्याला रमजान जवळ आल्याचे चंद्राच्या आधी कळते. वाक्यांत मराठी, उर्दू, हिंदी सगळे मिसळलेले होते. आम्ही लाल पेन घरीच ठेवले होते.

आणि तो आठ गुणांचा मुलगा? त्याने पाच ओळी लिहिल्या. कडी हळूच वाजते. अब्बू चूळ भरतात. अम्मी त्यांच्या खांद्याला तेल लावते, तेव्हा ते 'हां, यहीच' म्हणतात. मग चपलांचा आवाज. मग फजरची अजान. व्याकरणाच्या चार चुका होत्या. गाइडातला एकही शब्द नव्हता.

चित्रे काढावीत का?

चित्रांचे गाइड तर छापावेही लागत नाही, ते मुलांच्या डोक्यातच असते : दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी, एक झोपडी आणि नारळाचे झाड. मार्केट यार्डातल्या ज्या मुलाने असली झोपडी कधी पाहिली नाही, तोही तीच काढतो.

चित्रकलेबद्दल आपल्या अनेक घरांत संकोच असतो, हे आम्ही जाणतो. सजीवांची चित्रे काढण्याविषयी उलेमांची मते आहेत आणि त्यांच्यात मतभेदही आहेत. आयशा (रजि.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत आणि प्रेषितांनी (स.) त्यांना मनाई केली नाही, हेही हदीसमध्ये आले आहे. ज्या घराची जी भूमिका असेल ती त्या घराने आपल्या आलिमांना विचारून ठरवावी. आमचे म्हणणे वेगळे आहे. एका गोष्टीबद्दल शंका आहे म्हणून मुलाच्या हातातले सगळे रंगच काढून घेऊ नका.

यार्डाकडे पाहा. दसऱ्याच्या आधी फूलबाजारात झेंडूचे केशरी-पिवळे ढीग लागतात. एकावर एक रचलेली क्रेट, तराजू, ताडपत्री, ओळीने उभे ट्रक, कांद्याच्या लाल जाळीदार गोण्या. यांत एकही सजीव आकृती नाही आणि रंग तर डोळ्यांत मावत नाहीत. शिवाय आपल्या परंपरेचे काय? खत्ताती, बीबी का मकबऱ्याच्या जाळ्या, औरंगाबादच्या हिमरूवरच्या वेलबुट्ट्या, ईदच्या आदल्या रात्री घरातल्या मुली एकमेकींच्या हातावर काढतात ती मेंदी. मेंदीचा कोन धरून न खोडता एका दमात वेल काढणारी मुलगी 'मला चित्रकला येत नाही' म्हणते, तेव्हा दोष तिचा नसतो.

महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांतही वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे भाग असतात. इंटरमिजिएट उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात. 'याने पोट भरतं का?' असे विचारणाऱ्या घरांना एवढे सांगायला हरकत नाही. मात्र गुणांसाठी मुलाला रंग देऊ नका. गुण मिळाले तर मिळू द्या.

घरात काय करता येईल

पैसे लागत नाहीत. एका बाजूने कोरी असलेली जुनी बिले, खोक्यांचे पुठ्ठे, कॅलेंडरची मागची बाजू चालते. लागतो तो थोडा धीर.

मुलाला एक वही द्या आणि ती कोणी तपासणार नाही, असे सांगा. मग खरोखर तपासू नका. ती वही पाहुण्यांसमोर वाचून दाखवू नका. कौतुकानेही नाही. एकदा का त्या वहीवर घर हसले, की पुढची पाने गाइडातली होतात.

मूल काही दाखवायला आले तर आधी 'मग काय झालं?' हा प्रश्न विचारा. शुद्धलेखन उद्या सांगता येते. ज्या भाषेत वाक्य आले त्या भाषेत येऊ द्या. भाषा स्वच्छ होत जाते, पण आटलेला झरा पुन्हा फुटणे अवघड.

दादी-नानीला सांगू द्या आणि नातवाला लिहू द्या. शाहीर अमर शेख यांची आई मुनेरबी जात्यावर ओव्या गात असे. त्या घरातून मराठीला एवढा मोठा आवाज मिळाला. तुमच्या घरातली दादी काय गात होती, हे तुमच्या मुलाला ठाऊक आहे का?

वाचायलाही काहीतरी द्या. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. घरातल्या मोबाइलचा हाही एक उपयोग आहे.

आणखी एक गोष्ट जपून सांगतो. मूल खरे लिहू लागले की कधी दुखरेही लिहिते. कोणाची भीती, कोणाचा मार, न सांगता येण्याजोगे काही. तेव्हा वही लपवू नका, मुलाला रागावू नका. जवळ बसा आणि ऐका. गरज पडली तर 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक देशभर आहे.

अब्बूंनी काढलेली चूक

त्या पाच ओळी मुलाने घरी नेल्या आणि पुढच्या रविवारी त्याची अम्मी आमच्यासमोर उभी राहिली. "सर, घर की बातां कायकू लिखवाते बच्चों से? लोगां क्या बोलेंगे?" तिचा राग आम्हाला समजत होता. गरिबी झाकायला तिने जन्म घालवला होता आणि आम्ही ती तिच्याच मुलाच्या हातून कागदावर मांडत होतो. आम्ही म्हणालो, "यात गरिबी कुठे आहे? यात तुम्ही खांद्याला तेल लावता आहात." ती काही बोलली नाही. कागद मात्र परत घेऊन गेली.

पुढचे आम्हाला मुलानेच सांगितले. त्या पाच ओळींच्या पुढे त्याने आणखी काही लिहिले होते : अब्बू शंभर किलोचे पोते उचलतात. अब्बूंना मराठी वाचता येत नाही, म्हणून त्याने रात्री ते वाचून दाखवले. अब्बूंनी सगळे ऐकले आणि म्हणाले, "ते शंभर खोड. माझ्या अब्बांच्या वेळी होतं शंभराचं. आता पोतं पन्नासचं. भांडून घेतलंय आम्ही ते. तसं लिही."

मुलाने शंभर खोडून पन्नास केले आणि खाली 'भांडून घेतलंय' हेही लिहिले. त्या कागदावर आम्ही गुण दिले नाहीत. ज्यांचा निबंध होता, त्यांनीच तो तपासला होता.