हिशेबाआधी कॅल्क्युलेटर तपासून घ्या



मासिक बैठकीत सतरंजी अंथरली, पेटी उघडली, वह्या काढल्या, की पाठोपाठ कॅल्क्युलेटर बाहेर येतो. बऱ्याच गटांत तो गट सुरू झाला तेव्हाचाच असतो. बटणांवरचे आकडे पुसट झालेले, मागचं झाकण चिकटपट्टीनं धरलेलं. तरी तो दाखवील तो आकडा आपण जसाच्या तसा वहीत उतरवतो. आणि मेळ बसला नाही, तर सगळ्यांच्या नजरा वळतात कोषाध्यक्ष ताईंकडे.

आमच्या भागातल्या एका गटात वहीतल्या जमेपेक्षा पेटीत ४५० रुपये कमी भरले. ताई दोन रात्री झोपल्या नाहीत. शेवटी एकेक नोंद मोठ्यानं वाचून बेरीज पुन्हा केली, तेव्हा कळलं की एकीचं ५० रुपये व्याज बेरजेत ५०० धरलं गेलं होतं. शून्याचं बटण एकदा दाबलं तरी मधूनच दोनदा उमटत होतं. म्हणून म्हणते, आधी यंत्र तपासा, मग माणसाकडे बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

सेल. यंत्रावर ‘टू वे पॉवर’ असं लिहिलेलं असेल, तर ते उजेडावरही चालतं आणि सेलवरही. वरची काळसर पट्टी बोटांनी पूर्ण झाका. आकडे फिके पडले किंवा गेले, तर सेल संपला असं समजा. असं यंत्र दुपारी नीट चालतं आणि संध्याकाळच्या बैठकीत दगा देतं.

पडदा. सगळ्या घरांत इंग्रजी आठ भरा. पडद्यावरचा आठ सात छोट्या रेघांचा बनतो, म्हणून एकही रेघ मेली असेल तर इथे लगेच दिसते. मधली रेघ गेली तर आठ शून्यासारखा दिसतो, उजवीकडची वरची गेली तर सहासारखा. यंत्र आतून बरोबर मोजतं, पण आपण चुकीचं वाचतो. असं यंत्र हिशेबाला वापरू नका.

सरकपट्टी. मोठ्या यंत्रांवर दशांशाची छोटी सरकपट्टी असते. ती ‘एफ’ वर ठेवा. ‘ॲड टू’वर, काही यंत्रांवर नुसत्या ‘ए’वर, सरकली असेल, तर बेरजेत शेवटचे दोन आकडे पैसे धरले जातात. मग ५०० + २०० चं उत्तर ७ येतं! यंत्र बिघडलेलं नसतं, पिशवीत पट्टी सरकलेली असते.

बटणं. प्रत्येक आकडा सात वेळा दाबा आणि पडद्यावर सातच उमटले का ते मोजा. शून्यासाठी आधी एक दाबा, मग सात वेळा शून्य. कमी उमटले तर बटण नीट टेकत नाही, जास्त उमटले तर ते उड्या मारतं. बटण मधोमध दाबून बघा, कडेलाही दाबून बघा.

गणितं. १२३४५६७८ + ८७६५४३२१ करा. उत्तर ९९९९९९९९ आलं पाहिजे. त्यातून १२३४५६७८ वजा केले की ८७६५४३२१ परत मिळतात. गुणाकारासाठी ३७०३७ × २७, उत्तर ९९९९९९. त्याला २७ ने भागा, ३७०३७ परत येतात. टक्क्यासाठी २०० × १० %, उत्तर २०.

मेमरी. आधी जुनं पुसून घ्या. पडद्याच्या कोपऱ्यात छोटा ‘एम’ दिसत असेल, तर मागच्या बैठकीचं काहीतरी आत राहिलेलं आहे. मग १०० एम प्लस, ५० एम प्लस, ३० एम मायनस. मेमरीचं उत्तर १२० यायला हवं.

काही गोष्टी बिघाडासारख्या वाटतात, पण बिघाड नसतात. १ ÷ ३ × ३ केलं की साध्या यंत्रावर ०.९९९९९९९ येतं, कारण पडद्यात न मावणारे आकडे ते सोडून देतं. शून्यानं भागलं किंवा उत्तर पडद्यात मावलं नाही, तर ‘ई’ येतो. तो पुसला की झालं. आणखी एक. १०० + ५० × ४ हे साधं यंत्र क्रमानं करतं आणि ६०० दाखवतं. मोबाइल आधी गुणाकार करतो आणि ३०० दाखवतो. दोघींचा वाद नको, एका वेळी एकच क्रिया करा. व्याजाचंही तसंच. २०० + १० % असं दाबलं तर काही यंत्रांवर २२० ऐवजी २२२.२२ येतं. आधी २०० × १० % करून २० काढा, मग ते वेगळे मिळवा.

बटण अडकत असेल तर सेल काढा, यंत्र उलटं धरून हलकेच झटका आणि किंचित ओल्या फडक्यानं पुसा. पाणी, रॉकेल, पेट्रोल लावू नका. सेलच्या जागी पांढरी पूड जमली असेल, तर हाताला न लावता कोरड्या कापसानं काढा. बटणाएवढे छोटे सेल मात्र लेकरांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

इतकं करूनही मेळ बसला नाही, तर फरकाला ९ ने भागून बघा. नि:शेष भाग गेला, तर बहुतेक वेळा आकडे उलटे लिहिलेले असतात, ५४ चे ४५, किंवा एक शून्य कमीजास्त झालेलं असतं. ४५० ला ९ ने भाग जातोच की!

पुढच्या बैठकीत पेटी उघडण्याआधी ही तपासणी सगळ्यांसमोर करा. एकीनं बटणं दाबायची, दुसरीनं पडदा वाचायचा. एखादं उत्तर चुकलं, तर त्या दिवशी बेरीज कागदावर करा आणि गटाच्या संमतीनं नवं यंत्र घ्या. ते थोड्या पैशांत मिळतं. एकमेकींवरचा विश्वास गेला, तर तो बाजारात मिळत नाही.