पावसाने दहा मीटर वाहावे

कॉकुम्स जहाजगोदीची १३८ मीटर उंचीची क्रेन अवघ्या एका डॉलरला विकली जाऊन २००२ साली कोरियातील उल्सानकडे रवाना झाली, ही हकीकत वाचनात आल्यापासून स्वीडनच्या दक्षिण टोकावरील माल्मो शहराने माझ्या मनात जे ठाण मांडले, ते आजतागायत उठलेले नाही. ज्या गोदीवर शहरातील कित्येक घरांची चूल पेटत होती ती बंद पडल्यावर उरलेल्या, समुद्र बुजवून केलेल्या आणि कारखानदारीने दूषित झालेल्या भूमीवर नगरपालिकेने कोणती वस्ती वसविली, याचा शोध मी घेऊ लागलो तो त्या क्रेनच्या ओढीने. गुंतून पडलो तो मात्र पस्तीस कलमांच्या एका यादीत.

२००१ च्या उन्हाळ्यात भरलेल्या 'बो ०१' या गृहप्रदर्शनातून ही वस्ती उभी राहिली. भूगर्भातील चुनखडीच्या थरांत उन्हाळ्याची ऊब साठवून ती हिवाळ्यात उपसावी, २ मेगावॉटची पवनचक्की आणि सुमारे १,४०० चौरस मीटर सौरसंच यांची तिला जोड द्यावी, आणि वर्षाच्या हिशेबात सारी ऊर्जा स्थानिक अक्षय स्रोतांतूनच मिळावी, ही योजना सर्वश्रुत आहे. मुख्य वास्तुकार क्लास थाम यांनी समुद्राच्या बाजूस उंच इमारतींची तटबंदी उभारून, झोंबऱ्या वाऱ्याला अडविण्यासाठी आत जुन्या गावांसारखे वाकडेतिकडे बोळ आखले, हेही जाणकारांस ठाऊक असेल.

यादीकडे मात्र कोणी फारसे वळत नाही. जमीन नगरपालिकेच्या मालकीची असल्यामुळे ती घेणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांवर शर्ती घालणे शक्य झाले, आणि त्यांपैकी एक अशी की, पस्तीसांतून किमान दहा कलमे निवडून ती आपल्या अंगणात अंमलात आणावीत. दर सदनिकेमागे पक्ष्याचे एक घरटे, वटवाघळांसाठी पेट्या, बेडकांना राहण्यास आणि हिवाळ्यात निजण्यास जागा, फरसबंद जागेच्या दर पाच चौरस मीटरमागे एक चौरस मीटर तळे, पावसाचे पाणी नळात शिरण्यापूर्वी जमिनीवरून किमान दहा मीटर उघडे वाहावे. करारनाम्याच्या रूक्ष भाषेत बेडकाच्या निद्रेची तजवीज वाचून मला जो आनंद झाला, तो एखादे जुने दानपत्र हाती लागावे तसा होता. कारण या शर्तींची तपासणी करण्यास तज्ज्ञ लागत नाही, अंगणात खेळणारे पोरही पावलांनी ते दहा मीटर मोजू शकते.

ऊर्जेच्या आकड्याचे तसे नव्हते. प्रति चौरस मीटरला वर्षाकाठी १०५ युनिट, हे उद्दिष्ट घरमालकाच्या डोळ्यांना दिसणारे नव्हते. समुद्राचे दर्शन घडविणाऱ्या विशाल काचांमधून ऊब निसटत राहिली आणि प्रत्यक्ष मोजणीत कित्येक इमारतींचा ऊर्जेचा खर्च गणिताहून बराच अधिक निघाला. प्रदर्शन भरविणारी कंपनी तर नादार झाली. या दोन गोष्टींवरून सारा प्रयोगच फसला म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांनी इमारती मोजल्या, अंगणे पाहिली नाहीत.

त्या पस्तीसांतले एक कलम मी आजही पुनःपुन्हा वाचतो. अंगणाचा एक भाग तसाच सोडावा, तिथे निसर्गक्रमाने जे उगवेल ते उगवू द्यावे, एवढेच त्यात म्हटले आहे. आणि ते निवडणाऱ्याने तेवढ्या तुकड्याला हात लावायचा नव्हता.