कानावरची क्लिप आणि हृदयाचा ठोका

कानाला क्लिप लावून हृदयावर उपचार म्हटले की कुणाला ॲक्युपंक्चर आठवते, कुणाला शॉक. हे त्यातले काहीच नाही. कानाच्या भोकासमोरच्या कूर्चेजवळ व्हेगसची (मेंदूपासून हृदय-पोटापर्यंत जाणारी नस) एक शाखा त्वचेलगत असते. तिथे बाहेरूनच सौम्य वीजप्रवाह देतात. वीज हृदयापर्यंत जात नाही. संदेश मेंदूकडे जातो.

हा उपचार ॲब्लेशननंतर (ठोका बिघडवणाऱ्या ऊतीला डाग देणे) वापरून पाहिला जात आहे. त्या काळात हृदयात काही आठवडे सूज राहते, ठोके पुन्हा चुकू शकतात. उतू जाणाऱ्या दुधाखालची आच मंद करावी, तसा हा प्रवाह उत्तेजित नसा आणि सूज शांत करील, अशी अपेक्षा आहे.

जास्त प्रवाह म्हणजे जास्त गुण, हा समज मात्र धोक्याचा. व्हेगस जोरात चेतवली तर एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) उलट सुरू होऊ शकते.

ओक्लाहोमातील संशोधकांच्या 2020 च्या चाचणीत अशी थरथर असलेल्या 53 रुग्णांनी रोज तासभर, 6 महिने क्लिप लावली. तुलनेसाठी काहींना ती कूर्चेऐवजी कानाच्या पाळीवर लावली होती. कूर्चेवर लावलेल्यांत थरथर कमी आढळली. निकाल आशादायक आहे, पण ॲब्लेशननंतरच्या वापराचा अभ्यास अजून चालू आहे. म्हणून बाजारातले यंत्र आणून डॉक्टरांनी दिलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून मुळीच बंद करू नयेत.