चिनी मुलं अवघड इंग्रजी शब्द कसे पाठ करतात

गटाच्या बैठकीत बँकेचा इंग्रजी कागद आला की आपण म्हणतो, ‘हे आपल्याच्यानं नाही व्हायचं.’ म्हणून आज आम्ही चीनमधल्या मुलांविषयी सांगतो. तिथं महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला गाओकाओ म्हणतात. बहुतेक ठिकाणी ७५० पैकी १५० गुण परकीय भाषेला, म्हणजे बहुतेकांसाठी इंग्रजीलाच असतात. गणितालाही तेवढेच. खेड्यातल्या पोरीला पुढं शिकायचं तर इंग्रजी टाळून चालत नाही.

आता एक शब्द घ्या, ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट. म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर. चिनी भाषेत हेच ‘येन-क यी-शंग’. ‘येन’ म्हणजे डोळा, ‘क’ म्हणजे विभाग, ‘यी-शंग’ म्हणजे डॉक्टर. शब्द नवा असला तरी अर्थ बराचसा कळतो, आपल्या ‘नेत्रतज्ज्ञ’सारखा. इंग्रजी शब्द मात्र मूळ ग्रीक भाषेतून आलेला, त्यात डोळा कुठं दिसतच नाही! मग मुलं त्याचे तुकडे करतात : ‘ऑप्थॅल्म’ डोळा, ‘लॉजी’ शास्त्र, ‘इस्ट’ ते जाणणारा. एक तुकडा कळला की तो दहा शब्दांत उपयोगी पडतो.

छोट्या शब्दांना दुसरी युक्ती. इंग्रजी आवाजाशी जुळणारं चिनी वाक्य शोधायचं. ‘इकॉनॉमी’साठी ‘ईकाओ नोंगमिन’, म्हणजे शेतकऱ्यांवर अवलंबून! (आम्हाला तर हा अर्थ शब्दकोशापेक्षा खरा वाटला.) ‘ॲम्ब्युलन्स’साठी ‘आन बू नंग स’, म्हणजे ‘मला मरून चालायचं नाही’. यातला ‘आन’ हा ‘मी’साठीचा गावाकडचा शब्द.

पण यात एक खोच आहे. चिनी अक्षराचा उच्चार स्वरावर संपतो, नाहीतर ‘न’सारख्या नाकातल्या आवाजावर. जोडाक्षरं तर नाहीतच. त्यामुळं इंग्रजी शब्दात जादा स्वर घुसतात, जसा आपण ट्रकचा ‘टरक’ करतो. चिनी वाक्यावरून शब्द पाठ केला की तोच उच्चार जिभेवर बसतो. लेखी पेपरात गुण मिळतात, पण समोरच्याशी बोलताना त्याला कळत नाही. आमच्या मते अर्थ लक्षात ठेवायला ही युक्ती चांगली, उच्चार मात्र कानानंच शिकावा. शब्द ऐकायचा, मोठ्यानं म्हणायचा, परत ऐकायचा.

जाता जाता एक गंमत. पाठांतराच्या पुस्तकांत शब्द वर्णक्रमानं असतात. त्यामुळं अनेक पुस्तकांत अगदी सुरुवातीलाच येतो ‘अबॅन्डन’, म्हणजे सोडून देणे. कितीतरी मुलं तेवढाच शब्द शिकून पुस्तक मिटतात, असं ती स्वतःच हसत सांगतात.